भरून राहिली

सातवीच्या वर्गाला मी या आठवड्यात इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ शिकवते आहे. अभ्यासक्रमात तो नेमका पोळ्याच्या सुमाराला येतो. पाऊस थोडा दमलेला असतो, वर्गात ओल्या रिबिनींचा वास असतो, आणि कुंपणापलीकडच्या रस्त्यानं कुणीतरी बैल धुवायला नेत असतं. माझ्या फळ्यावरच्या क्रियापदांकडे कुणाचंच लक्ष नसतं. काल मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "टीचर, उद्या आमच्याकडे खांदशेकणी हाये. मी नाही येत." शाळेत मराठी बोलायचं नाही असा नियम आहे. मी तिला बस म्हटलं. नियमाची आठवण करून दिली नाही.

खांदशेकणी म्हणजे पोळ्याची आदली संध्याकाळ. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलवटलेला असतो. त्या दिवशी त्याला लोणी-हळद चोळतात, गरम पाण्यानं शेकतात आणि दुसऱ्या दिवशीचं निमंत्रण देतात: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमच्या घरात कुणाचं शेत नव्हतं, बैल तर नाहीच. मी हे पाहिलं ते एका बराकीत, आणि तिथले बैल लाकडाचे होते.

त्या वर्षी आम्ही नागपूरला नवीन होतो. वडील रेल्वेत. बदली झाली आणि आम्ही अजनीच्या बंगल्यात राहायला आलो. मी डोंगरावरच्या बोर्डिंग शाळेतून अकरा वर्षांनी घरी परतले होते, अठरा वर्षांची. मराठी मला येत होतं ते आईशी बोलण्यापुरतं, आणि आई पुण्याची. कॉलेजात माझी कुणाशी मैत्री झाली नाही. मला प्रत्येक वाक्य आधी मनात लिहून, तपासून मगच बोलायची सवय होती. तोपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असे. लोक मला घुमी म्हणत, काहीजण गर्विष्ठ. मी दोन्ही ऐकून घेत असे, कारण उत्तर तयार होईपर्यंत ते निघून गेलेले असत.

नागपूर तेव्हा राजधानी होतं. बंगल्यांतून रोज चहापानं होत, बायकांची मंडळं होती. अशाच एका मंडळाच्या देवधरबाई आईला म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं इंग्रजी चांगलं आहे म्हणतात. आमच्या जवानांचे कागद लिहायला हवेत. पाठवा की तिला." आईनं मला न विचारताच होकार दिला. मी बाहेर पडावं एवढंच तिला हवं होतं.

छावणीच्या रस्त्यावर जुन्या बराकी होत्या, त्यात जखमी सैनिकांना ठेवलेलं असे. काश्मीरची लढाई थांबून दोनेक वर्षं झाली होती. कुणी त्याच्याही आधीचे होते, ब्रह्मदेशातून आलेले. शेवटच्या बराकीत सुतारकामाचा वर्ग चाले. औषधांचा वास तिथपर्यंत येत नसे, तिथं सागवानाच्या भुशाचा वास होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरची मुलं लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर फिरतात, तो तान्हा पोळा. त्यासाठी हे लोक चाकं लावलेले बैल करत. ते सीताबर्डीच्या एका सभागृहात मांडायचं देवधरबाईंनी ठरवलं होतं.

दारातच एकानं मला थांबवलं. उजवा हात मनगटापाशी संपलेला, डाव्या हातात रंगाचा ब्रश. "या बाई, बसा. कागद लिवाले आल्या ना? पहिले या महादेवचा लिवा. गडी बोलते कमी, पण खोटं बोलत नाही. खोटं बोलाचं खातं माह्याकडे हाये." हा झिबल. भंडाऱ्याकडचा शेतकरी.

महादेव भिंतीला टेकून बसला होता. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, सुरुंगावर गेलेला. उमरेडचा विणकर, बापाचा आणि भावाचा माग अजून चालू होता. त्यानं मला त्याचं सगळं म्हणणं चार वाक्यांत सांगितलं. माग खड्ड्यातला असतो. वर हातानं धोटा फेकायचा आणि खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबायच्या, एकदा हा पाय, एकदा तो. एका पायानं कापड होत नाही. "पुण्याले नवा पाय भेटते म्हणतात. पोळ्याच्या आधी साहेब येऊन यादी करणार हायेत. तेवढा पाय भेटला का मी घरी जातो, मागावर बसतो. दुसरं काही नाही लागत मले."

कागदावर एक रकाना होता, जखमेची सद्यस्थिती. मी विचारलं, "जखम कशी आहे?"

"भरून राहिली," महादेव म्हणाला.

भरून राहिली. भरली, आणि तशीच राहिली. पावसाळ्यात तळं भरून राहतं, तसं. माझ्या आईच्या मराठीत त्याचा दुसरा अर्थच होत नव्हता. पायाला पट्टी होती, पण पट्ट्या तिथं सगळ्यांनाच होत्या. ती सोडून पाहणं माझं काम नव्हतं, आणि धीरही नव्हता. मी लिहिलं, हील्ड. शब्द लहान होता, रकान्यात नीट बसला. तारीख घातली. माझं अक्षर चांगलं आहे, त्याबद्दल मला शाळेत बक्षीस मिळालेलं.

श्रावणाचे ते तीन आठवडे मला अजून आठवतात ते उजेडासकट. कौलांतून झिरपणारा करडा उजेड, मध्येच पडणारं ऊन, आणि त्या उन्हात तरंगणारा भुसा. मी कोपऱ्यात टेबलाशी बसून लिहीत असे आणि कान त्यांच्याकडे असत.

"कोष्ट्या, बैल पाह्यला हायेस का कधी जवळून?" झिबल म्हणे. "याची शेपटी पाय, सुताच्या लडीवानी झाली."

"तुह्या बैलापेक्षा बरा हाये," महादेव वर न पाहता म्हणे. "तुहा बैल नवरदेव दिसते. शिंगाले बाशिंग बांध आता."

"डाव्या हातानं रंगवून राहिलो गा मी. उजवा असता तर नवरीबी काढली असती."

मला हसू यायचं. ते मी कागदात लपवत असे. इतकी माणसं एकमेकांना इतकी बोलतात आणि कुणी दुखावत नाही, हे मला नवीन होतं. हळूहळू त्यांची बोली कानात बसली. रंगवून राहिलो म्हणजे रंगवतो आहे, जेवून राहिला म्हणजे जेवतो आहे. मला ते गोड वाटायचं. पण त्या गोडीतून मागे वळून, आधी लिहिलेला एक कागद पुन्हा उघडून पाहावा, हे सुचलं नाही. आजही वर्गात क्रियापदांचे तक्ते काढताना हात क्षणभर थांबतो तो इथं.

महादेवच्या बैलाला खांद्यावर एक खळगा होता. जू घासून सोललेली जागा त्यानं पटाशीनं कोरून काढली होती, कडा उचललेल्या, आत ओबडधोबड. देवधरबाईंनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, लहान मुलांच्या हातात जखमी बैल कोण देईल? ते भरून टाका, वर रंग द्या."

"भरतोच हाये, बाई," महादेव म्हणाला. "पण एकदम नाही भरत ते. अन् ज्याच्या खांद्याले काही नाही, तो बैल वावरातच नाही गेला."

तो खळगा तो सुतानं भरत होता. भावानं मागावरचं उरलेलं लाल सूत पाठवलं होतं. सकाळी पायाची पट्टी बदलून झाली की तो बराकीत येई, सरस लावून खळग्याच्या कडेनं एक तार बसवी, बोटानं दाबून धरी. कधी दोन तारा. एकदा ताप आला, पाय सुजला, तेव्हा त्यानं चार तारा उपसून काढल्या. मी विचारलं नाही, पण त्यानंच सांगितलं. "माह्या पायाइतकं त्याचं. मी भरीन तसा तो भरन. त्याले पुढं कसा जाऊ देऊ?"

मी शाळेत चित्रं पाहिली होती, पुतळे पाहिले होते, त्यांच्याबद्दल निबंध लिहिले होते. कुणी आपलं शरीर इतक्या प्रामाणिकपणे एखाद्या वस्तूत मोजून ठेवताना मी पाहिलं नव्हतं. बैल बराकीच्या खिडकीत उभा असे. अर्धा लाल, अर्धा उघडा.

पोळ्याच्या दोन दिवस आधी पुण्याहून मेजर आले. उंच, दमलेले, पुष्कळ ठिकाणी फिरून आलेले. सुतारकामाच्या बराकीतच खाट मांडून त्यांनी एकेकाला तपासायला घेतलं. मी मागे कागदांचा गठ्ठा घेऊन उभी होते, नाव पुकारलं की कागद पुढे करायचा. महादेवचा कागद मी दिला. त्यांनी तो वाचला, पट्टी सोडली. टोकाशी बोराएवढी जखम उघडी होती, कडेनं नवी गुलाबी कातडी.

"कागज में लिखा है भर गया था. फिर खुला कैसे?"

महादेवला प्रश्न समजला नाही. मेजरनी कागद खाटेवर ठेवला. मग त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "खुद कुरेदते हो? वापस घर नहीं जाना है?"

बराकीतल्या रंध्यांचा आवाज थांबला. अशी माणसं असत, जखम नखानं उघडी ठेवणारी, इथलं जेवण आणि खाट सुटू नये म्हणून. त्यांची थट्टाही चाले. पण महादेवकडे बघून तसं कुणी म्हटलं नव्हतं.

"साहब," महादेव फौजेतल्या हिंदीत म्हणाला, "भरा कहां था? भर रहा है."

भर रहा है. तेव्हा मला कळलं. तीन आठवड्यांपूर्वीचं ते वाक्य हिंदीचे कपडे घालून माझ्यासमोर उभं राहिलं, आणि त्याचा अर्थ अगदी उघड होता.

"कागज झूठ बोलता है?" मेजर म्हणाले. कागदावर तारीख होती आणि स्वच्छ, गोल, एकसारखं अक्षर होतं. त्या अक्षरावर कुणाचाही विश्वास बसला असता.

महादेवनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला एक वाक्य बोलायचं होतं, तेही इंग्रजीत, ज्या भाषेत मी लहानपणापासून प्रार्थना म्हटल्या आणि वादविवादात ढाली जिंकल्या. त्या बराकीत ते वाक्य दुसऱ्या कुणाला बोलता आलं नसतं. ते माझ्या मनात लिहून झालं, तपासूनही झालं. तोवर मेजरनी यादीतल्या एका नावावर रेघ ओढली होती आणि पुढचं नाव पुकारलं होतं. मी पुढचा कागद दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, मेजरही असतील असं वाटलं होतं. ते सकाळीच निघून गेले होते. बराकीत सगळे बैल ओळीनं मांडलेले, पितळी वाटीत लोणी-हळद. झिबल डाव्या हाताच्या दोन बोटांनी एकेका बैलाच्या लाकडी खांद्याला हळद लावत होता आणि पुटपुटत होता, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. ओळ संपली. पुढं महादेव बसला होता. झिबल त्याच्यापुढे उकिडवा बसला, पट्टीच्या वरच्या बाजूला, गुडघ्याभोवती, सावकाश हळद चोळू लागला. "आज आवतण घ्या," तो म्हणाला.

"उद्या कुठं जेवाले येऊ गा," महादेव म्हणाला. "उद्या घरी जाऊन राहिलो मी. पाठवून राहिले."

झिबलनं बोटांवर पुन्हा हळद घेतली. चोळत राहिला. मी दारात उभी होते. मला कुणी आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. हळदीचा वास दारापर्यंत येत होता. थोड्या वेळानं मी चपला घातल्या.

मेजरना मी पत्र लिहिलं. तीन मसुदे केले. शेवटी जे गेलं ते शुद्ध होतं, सभ्य होतं. भाषांतरात काही गैरसमज झालेला असण्याची शक्यता आहे, सदर व्यक्तीचा पुनर्विचार व्हावा. त्या वाक्यांत कर्ता कुठेच नव्हता. इंग्रजीत अशी वाक्यरचना करणं मला फार छान जमत असे.

पुढचे महिने कसे गेले ते सांगता येणार नाही. संत्र्यांच्या गाड्या आल्या, स्टेशनभर टोपल्या आणि तो आंबटगोड वास. मी कॉलेजात जात होते, आठवड्यातून दोनदा बराकीत जाऊन कागद लिहीत होते. झिबल माझ्याशी पूर्वीसारखाच बोलत असे, फक्त थट्टा करत नसे. ते जास्त जाणवायचं. घरी आई विचारी, कुणी मैत्रीण झाली का. मी म्हणे, होतील. खिडकीत जिथं बैल उभा असे तिथं सरसाचा एक डाग राहिला होता.

थंडीत उत्तर आलं. सदर व्यक्तीची जखम बरी असल्यास पुढच्या तुकडीत विचार करता येईल. मी ते घेऊन उमरेडला गेले. इतवारीहून छोटी गाडी सुटते, वडिलांच्या पासावर बसले. आईला कॉलेजची सहल सांगितली. एकटीनं केलेला तो माझा पहिला प्रवास.

माग घराच्या पुढच्याच खोलीत होता. महादेव काठावर बसून धोटा फेकत होता. त्याच्या डाव्या बाजूला, खड्ड्यात एक पाय सोडून, त्याची बायको बसली होती. उजवी पावडी त्याची, डावी तिची. तो "हं" म्हणे आणि ती दाबी. कापड होत होतं, पण फार हळू, आणि तिच्या मांडीवर निवडायचे तांदूळ तसेच पडलेले होते.

"बसा जी," ती म्हणाली आणि पाय वर घेतला. माग थांबला.

मी पत्र वाचून दाखवलं, मराठीत. महादेवनं ऐकलं. मग म्हणाला, "याच्यात लिवलं हाये का, का मी खरवडत नव्हतो?"

मी पुन्हा पाहिलं, जणू ते कुठेतरी सापडणार होतं. "नाही."

"मंग कसा जाऊ? त्या साहेबासमोर पुन्हा पट्टी सोडाची मी, अन् त्यानं पुन्हा तसंच पाहाचं माह्याकडे." त्यानं धोटा उचलून बाजूला ठेवला. "पाय पाहिजे मले. नाही कोण म्हणते? हे पोरगी दिवसभर माह्या बाजूला अडकून राहते, सैपाक करन का माग चालवन. पण तसा नाही पाहिजे."

तेव्हा मी बोलले. मनात आधी न लिहिता बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असावं. "ते मी लिहिलं होतं. जखम भरली असं. तुम्ही म्हणालात भरून राहिली, मला वाटलं भरली. चूक माझी होती. आणि मेजरसमोर मला कळलं होतं, तरी मी बोलले नाही."

त्याची बायको तांदळाकडे बघत होती.

"ठाऊक हाये," महादेव म्हणाला. "तवाच पाह्यलं म्या तुमच्या तोंडाकडे." आणि मग, कुरकुर नसलेल्या आवाजात, एखादी साधी गोष्ट सांगावी तसं, "वाट पाहून राहिलो होतो, का बाई बोलतीन."

त्या क्रियापदाचा काळ मला आता बरोबर कळत होता. किती वेळ, एवढं त्यानं सांगितलं नाही.

नवं पत्र मी त्यांच्या ओट्यावर बसून लिहिलं. प्रत्येक वाक्य लिहिलं की त्यानं ते माझ्याकडून मराठीत म्हणवून घेतलं. मी लिहिलं. माझी चूक. मी गप्प बसले. या माणसानं जखम कधीही खरवडली नाही. "यात तुमचं नाव हाये का?" त्याच्या बायकोनं विचारलं. मी तिला माझं नाव दाखवलं, सुरुवातीला आणि शेवटी. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. जेवून जा म्हणाली. मला गाडी होती.

त्याला बोलावणं आलं, एवढं मला देवधरबाईंकडून कळलं. नंतर उन्हाळा गेला, परीक्षा झाल्या, पुन्हा श्रावण आला. एका दुपारी बराकीच्या व्हरांड्यात मी कागद लावत असताना झिबल जवळ येऊन उभा राहिला.

"महादेव आला होता. गेल्या सोमवारी. पुण्याहून."

"इथं?"

"ठेसनावर. मले कार्ड आलं होतं, गेलो मी. सायंकाळच्या गाडीनं गेला उमरेडले."

"पाय कसा आहे?"

"लागते थोडा. पण चालून राहिला. फलाटावर चालून दाखवलं मले, इकडून तिकडं, लेफ्ट-राइट करत. हमाल थांबून पाहत होते." झिबल हसला, मग त्याचं हसू विरलं. मी न विचारलेला प्रश्न त्याला दिसला असावा. अजनीपासून स्टेशन ते किती लांब. सोमवारी मी दिवसभर घरीच होते.

"मी म्हटलं त्याले, बाईले निरोप देऊ का," झिबल म्हणाला. "तो म्हणे, नको. येतीन अन् उभ्याच राहतीन. त्याईले तरास."

महादेव हे रागानं म्हणाला नसणार. झिबलनंही तसं सांगितलं नाही, आणि खोटं बोलायचं खातं त्याच्याकडे असूनही त्या दिवशी त्यानं मला एकही खोटं वाक्य दिलं नाही. मी मान हलवली. टेबलापुढे एक नवा माणूस येऊन बसला होता, माझ्याच वयाचा, हाताला पट्टी. मी त्याचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. जखमेच्या रकान्यापाशी आले तेव्हा लेखणी खाली ठेवली.

"पट्टी सोडता का," मी म्हटलं. "मला पाहायची आहे."